वरच्याला दिसत नाही

गोदीत माझ्या मामाला सगळे 'वरचा' म्हणायचे. क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा तो वरचा, जहाजाच्या पोटात उतरून माल लावणारे ते खालचे, आणि डेकवर त्या उघड्या पोटाच्या काठाशी उभा राहून वरच्याला खालची हकिकत हातांनी सांगणारा माझा बाप, तो मधला. नाव सोयीचं होतं आणि चावटही. पगारवाढ कधी? वरच्याला विचार. आज सुट्टी लवकर होईल का? वरच्याची मर्जी. मामाला हे अजिबात खपायचं नाही. "वरचा एकच आहे आणि तो क्रेन चालवत नाही," असं तो तोंड वाकडं करून म्हणायचा, आणि मग लोकांना आणखीच चेव यायचा.

खरी गोष्ट अशी की क्रेनमधल्या वरच्याला दिसत नाही. एवढ्या उंचावरून सगळी गोदी तळहातासारखी दिसत असेल असं आपल्याला वाटतं. दिसते, फक्त माल जिथे उतरवायचा ते जहाजाचं पोट तेवढं दिसत नाही. तिथे वरून नुसता एक काळा चौकोन असतो. त्या चौकोनात माणसं वावरत असतात आणि त्यांच्या डोक्यावर टनावारी लोखंड लोंबकळत असतं. वॉकीटॉकी दिलेले आहेत, पण चहूबाजूंनी लोखंड असलं की ते नुसते खरखरतात. त्यामुळे काम अजून हातावरच चालतं. मधला आत डोकावून बोट खाली करून गोल फिरवतो, वरचा माल खाली सोडतो. बोट वर करून फिरवलं की उचलतो. का, कशाला, हे विचारायला मध्ये जागाच नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला कुणी उभं राहायचं असलं की मामाचा नंबर ठरलेला, आणि साक्षही ठरलेली. "मला फक्त एक हात दिसतो," तो म्हणायचा. "खाली काय आहे मला ठाऊक नाही. तो हात सांगेल तसं करायचं. प्रभूच्या इच्छेत चालणं म्हणजे एवढंच, भावांनो." मला ते सगळं तोंडपाठ झालं होतं; पुढचं वाक्य मी मनातल्या मनात त्याच्याआधी म्हणून टाकायचे. देवाच्या हाताला तो माझ्या बापाच्या हाताची उपमा द्यायचा आणि पहिल्या बाकावर बसलेले बाबा लगेच कॉलर ताठ करायचे. आई त्यांना कोपराने ढोसायची.

मामा आणि बाबा लग्नाआधीपासूनचे दोस्त. मामाने आपली धाकटी बहीण दोस्ताला दिली आणि तेव्हापासून बाबा त्याला चिडवत आले की वरचा माझ्या बोटावर नाचतो. मामा रोज क्रेनच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून उभा राहायचा, डोळे मिटून "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणायचा आणि मगच वर चढायचा. बाबा खालून ओरडायचे, "चढ रे, त्याची इच्छा आहे!" मी गोदीच्याच कॅन्टीनमध्ये काउंटरवर असते. माझ्या खिडकीतून क्रेन दिसते, शिडी दिसते, जहाजाचा काठ दिसतो. हा तमाशा मी रोज पाहिलेला आहे.

बाबांचं पहिलं काय बिघडलं ते सांगणं कठीण आहे. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागायला लागली. मग टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला पेला हाताने उडाला. आईने पेला त्यांच्या समोर ठेवायला सुरुवात केली, मग ताट, मग औषधाची बाटली, मग चपला. घरातल्या सगळ्या वस्तू हळूहळू सरकत त्यांच्या नाकासमोर आल्या. एकदा मी त्यांच्या डावीकडून जाऊन काहीतरी विचारलं तर ते असे दचकले की हातातला वस्तरा गालाला लागला. "मांजरासारखी येतेस कशाला?" असं म्हणून माझ्यावरच खेकसले. मी हलकेच आले नव्हते. चांगली चपला वाजवत आले होते.

त्याला काचबिंदू म्हणतात हे पुढे कळलं. अंधार कडेकडून आत सरकत येतो आणि समोरचं मात्र शेवटपर्यंत लख्ख दिसत राहतं. त्यामुळे कंपनीच्या तपासणीत बाबा दरवर्षी पास. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली की हे ती घडाघडा वाचायचे आणि वर विचारायचे, छापखान्याचं नावही वाचू का? ते असे हसत घरी यायचे आणि आई मूग गिळून त्यांच्यासमोर चहा ठेवायची. आमच्या घराइतकी डोळेझाक गोदीत कुणी केली नसेल.

मामाला ते वरून दिसलं. रंगाचा डबा घेऊन एक माणूस डेकवर बाबांच्या डाव्या बाजूने चालत आला आणि टांगलेल्या पाइपांच्या गठ्ठ्याखाली शिरला. बाबांचं बोट गोल फिरत होतं: खाली, खाली. मामाने हात आखडला. गठ्ठा हवेत थबकला, माणूस आपल्या तंद्रीत पलीकडे निघून गेला, आणि बाबांनी वर पाहून दोन्ही हात उडवले, की झोपलास काय रे? रंगवाल्याला आजतागायत माहीत नाही की त्याच्या डोक्यावरून काय गेलं.

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आला. बसला, जेवला, बाबांच्या विनोदांवर हसला नाही. निघताना प्रार्थना करू म्हणाला, आणि ती प्रार्थना संपेचना. देव सोडून कुणालाही कळू नये अशी त्याने ती घोळवली. "आम्हाला तुझी इच्छा दाखव, मार्ग दाखव, आम्ही आंधळे आहोत..." आंधळे म्हटल्यावर आईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. मीही उघडले होते, म्हणून मला ते दिसलं. बाबा शांतपणे मान खाली घालून होते.

मग मामाने देवाला विचारायचा जो सपाटा लावला तो काही विचारू नका. दुपारचं जेवण सोडलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनमध्ये आले की हा वर केबिनमध्येच गुडघे टेकून. खाली येईना, कुणाशी बोलेना. चर्चच्या पाळकांकडे गेला, नाव न सांगता म्हणाला, एका माणसाबद्दल मला प्रभूची इच्छा कळत नाही. पाळक भले गृहस्थ, त्यांनी प्रार्थनेत टिकून राहायला सांगितलं. मामी माझ्याजवळ येऊन रडकुंडीला आली. "तुझ्या मामाने देवाचं डोकं खाल्लंय आणि माझंही. मी म्हटलं, अहो, एवढं काय विचारताय त्याला? तर म्हणतात, उत्तर येत नाहीये."

इकडे आईही प्रार्थना करत होती, की अजून थोडे दिवस निभू दे. बाबाही करत असणार. ते काय मागत होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकाच घराण्यातून एकाच देवाकडे एवढ्या विनवण्या चालल्या होत्या आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ होती, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मला त्या ओळीची भीती वाटायला लागली. ती म्हटली की घरात काहीतरी गार पडायचं. गोदीत अपघाताचा भोंगा कधीमधी चाचणीसाठी वाजवतात. त्या दिवसांत तो वाजला की मी किटली टाकून खिडकीशी धावायचे. सकाळी कामावर येताना मी आधी जहाजाच्या काठाकडे बघायचे. बाबा उभे, बोट फिरतंय, क्रेन फिरतेय. सगळं नेहमीसारखं, आणि त्या नेहमीसारख्याकडेच बघवायचं नाही.

मामाने तोवर आपल्यापरीने एक तोड काढली होती. माल हळू सोडायचा, बाबांच्या डाव्या बाजूवर स्वतःच नजर ठेवायची. डेकवर ते जमायचं. पण गठ्ठा काळ्या चौकोनात शिरला की संपलं. तिथे फक्त बाबांचा हात, आणि त्या हाताला अर्धंच दिसतंय हे माहीत असलेला मामा. पुढे त्याने मला सांगितलं की माल आत गेला की तो श्वास धरून बसायचा, तारेतून किंकाळी वर येते का ते ऐकत.

रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. मामाचा आवाज सगळ्यांत मोठा. लहान मुलं त्याच्या आवाजाला धरून म्हणतात. त्या रविवारी तो 'तुझ्या इच्छेप्रमाणे' इथवर आला आणि थांबला. 'होवो' आलंच नाही. मंडळी सवयीने पुढे गेली, पण आवाजाचा खांबच निघाल्यासारखं झालं. दोनचार जणांचं चुकलं, कुणी मागे वळून पाहिलं. मामा उभा होता, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक. मग तो खाली बसला. मला वाटलं, याला झटका आला. मामी पदराने वारा घालायला लागली.

झटका नव्हता. उपासना सुटल्यावर तो सरळ आमच्या मागोमाग घरी आला. आईने अजून कुलूप काढलं नव्हतं तेवढ्यात दारातच बाबांना म्हणाला, "उद्यापासून मी तुझ्या हातावर माल उचलणार नाही."

बाबा हसले. "का रे? माझा हात बाटला?"

"तुला डावीकडचं दिसत नाही. मला माहितीये, हिला माहितीये, पोरीलाही माहितीये. तू आपणहून मुकादमाला सांग. नाहीतर मी सांगतो."

बाबांचं हसू जागच्या जागी वाळलं. "हे प्रभूने सांगितलं वाटतं तुला? इतके दिवस उपास करून हे उत्तर आलं?"

"नाही," मामा म्हणाला. "उत्तर पहिल्याच दिवशी आलं होतं, तो रंगवाला तुझ्या डावीकडून गेला तेव्हाच. मला ते नको होतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारत बसलो. मला वाटलं, विचारत राहिलं की तेवढे दिवस करावं लागणार नाही."

आई मध्ये पडली. ती काय काय बोलली ते सगळं सांगत नाही. बाबा गोदीतून निघाले की कंपनीने राहायला दिलेलं क्वार्टर जाणार, पण तिला खरी आग लागली होती ती वेगळीच. "त्यांच्याकडे दुसरं काय आहे रे दादा?" ती ओरडली. "त्या काठावर उभे असतात तेव्हाच ते माणूस असतात. तू बहिणीचं घर मोडायला देवाला पुढे करतोस? चालता हो. परत या दारात पाऊल ठेवू नकोस." मामा गेला. बाबांनी त्याच्या पाठीकडे बघतच कुलूप काढायला किल्ली पुढे केली आणि ती कुलपाच्या डावीकडे दोनदा खुपसली. आम्ही दोघी बघत राहिलो.

सोमवारी बाबा मुकादमाकडे गेले नाहीत. मामा गेला. मुकादमाने कपाटातून बाबांचा तपासणीचा कागद काढून त्याच्यासमोर धरला. नजर उत्तम. "घरचं भांडण घरी ठेवा आणि वर जा," तो म्हणाला. मामा वर गेला. का गेला हे मी त्याला विचारलं होतं; म्हणाला, मी गेलो नसतो तर दुसरा गेला असता आणि त्याला काहीच माहीत नसतं. पाइपांचा पहिला गठ्ठा त्याने उचलला, काळ्या चौकोनावर आणला, आणि तिथेच धरून ठेवला.

मी खिडकीत होते. बाबांचं बोट फिरत होतं: खाली. गठ्ठा जागचा हलला नाही. बोट पुन्हा फिरलं, जोरात. मग सगळा हातच फिरायला लागला. धक्क्यावरची माणसं काम सोडून वर बघायला लागली. मुकादम धावत आला, शिव्या देत. वॉकीटॉकी खरखरत होते आणि वर केबिनमध्ये मामा काचेमागे बसून होता, दोन्ही हात मांडीवर. सगळ्या गोदीचा जीव टांगणीला लावून तो गठ्ठा तसाच राहिला. शेवटी मुकादमाने खाली उतरून स्वतः पाहिलं. पोटात त्या जागी कुणीच नव्हतं. माणसं सगळी उजवीकडे, भिंतीला लागून, नियमाप्रमाणे उभी. बाबांचा हात बरोबर होता.

म्हणजे मामा खोटा पडला. आज्ञा पाळायची म्हणून त्याने केलं काय, तर हाताची आज्ञा मोडली, आणि तीही बरोबर असलेली. त्याला क्रेनवरून काढलं. एवढ्या वर्षांची नोकरी म्हणून हाकललं नाही, खाली कुठलंही काम घे म्हणाले. कॅन्टीनमध्ये लोक त्याच्या तोंडावर म्हणायला लागले, वरचा खाली आला. मला वाटायचं, आता तरी देव याच्या बाजूने काहीतरी बोलेल. काही झालं नाही. क्रेनवर नवा माणूस आला, तरुण, आज्ञाधारक, बाबांच्या बोटाकडे डोळ्यांत तेल घालून बघणारा. बाबा पुन्हा विनोद करायला लागले. आई त्यांना डबा देताना त्यांच्याकडे बघायची नाही. एकदा पोळपाट पुसता पुसता मला म्हणाली, "दादाचं चुकलंच ना गं?" आणि उत्तर ऐकायच्या आत नळ सोडला.

मामाने काम मागितलं ते डेकवरचं, गठ्ठ्यांच्या तारा सोडवायचं, बाबांच्याच जहाजावर. मुकादम चक्रावला. ज्याचा हात मानत नाहीस त्याच्याच हाताखाली? मामा म्हणाला, जिथे ठेवाल तिथे राहीन, पण विचारताय म्हणून सांगतो, मला तिथेच हवंय.

तो डेकवर आला त्या सकाळी बाबांना कुणी सांगितलं नाही. दोघांचं बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे जो तो खाली मान घालून काम करत होता. मामा येऊन बाबांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर उभा राहिला. बाबांनी त्याला हाकललं नाही. लोकांना वाटलं, बरं झालं, मिटलं वाटतं. एक गठ्ठा गेला, दुसरा गेला. मामा पोटात वाकून बघत होता आणि एक शब्द बोलत नव्हता.

मी किटली भरत होते. खिडकीतून सहज पाहिलं तर गठ्ठा पुन्हा अधांतरी थांबलेला. पुढचं मला बाबांनी सांगितलं, अगदी जसंच्या तसं. त्यांचं बोट फिरत होतं आणि गठ्ठा उतरता उतरता मध्येच थांबला. त्यांनी वर पाहून हात उडवले. वरून नव्या पोराने काचेतून बोट दाखवलं, त्यांच्या डावीकडे. बाबांनी पुन्हा विचारलं, काय? त्याने पुन्हा तिकडेच दाखवलं. उचल आणि खाली घे हे फक्त मधल्याने सांगायचं असतं. थांब मात्र कुणीही सांगू शकतो, झाडूवालासुद्धा, आणि ते वरच्याला पाळावंच लागतं. बाबांनी मान पूर्ण वळवली. हाताच्या अंतरावर मामा उभा होता, थांब म्हणून दोन्ही हात आडवे पसरून. तो सकाळपासून तिथेच होता. मग बाबांनी तशीच मान वळवत वळवत पोटात पाहिलं. गठ्ठ्याच्या बरोबर खाली डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलेला एक माणूस लोखंडाकडे तोंड वर करून उभा होता.

भोंगा वाजला नाही, कारण काही झालंच नव्हतं. माणूस बाजूला झाला, काम सुरू करायला कुणीतरी ओरडलं. बाबांनी गळ्यातली मधल्याची शिट्टी काढून डेकवरच ठेवली. मला खिडकीतून दिसलं ते एवढंच की दोघं शिडीने खाली उतरतायत, मामा पुढे आणि बाबा मागे, फार सावकाश.

ते काउंटरपाशी आले तेव्हा रडत होता तो मामा. "मी याचसाठी प्रार्थना केली होती," तो मला म्हणाला, जणू मीच न्याय करणार होते. "सकाळी म्हटलं, प्रभू, याला मी दिसू दे. मला शिव्या देऊन हाकलू दे, मला सगळ्यांपुढे खोटा पाड. दर गठ्ठ्याला हेच मागत होतो. यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही गं." मला त्याला धरून रडावंसं वाटलं आणि बाबांकडे बघायचा धीर होत नव्हता.

मी दोन चहा ओतले. बाबांनी त्यांचा घेतला नाही. काउंटरच्या कडेला हात टेकून ते दाराकडे वळले. दारातून मुकादमाच्या ऑफिसपर्यंतच्या वाटेवर हातगाड्या, माणसं, दोऱ्या, नेहमीची वर्दळ होती. ते तिकडे बघत होते.

"चल मुकादमाकडे," ते मामाला म्हणाले. "मीच सांगतो. तू डावीकडून चाल."